खेळ रंगला तेव्हां

जिमखान्याच्या पारितोषिक-समारंभांत भाषण करण्याची पाळी आमच्या कॉलेजांत दर वर्षीं कोणा ना कोणा वयस्क प्राध्यापकावर येते. यंदा ती माझ्यावर आली. अशा भाषणाचा सांचा ठरलेला असतो. निरोगी शरीरांत निरोगी मन, खिलाडू वृत्ति आणि संघभावना हीं तीन स्टेशनें घेतलीं कीं गाडी सुखरूप मुक्कामाला पोंचते. परंतु तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याला सरळ मार्ग मानवत नाहीं. मीं ‘तन्मयता’ हा विषय घेतला. खेळाडू खेळांत रंगून गेला म्हणजे त्याचा ‘मी’ गळून पडतो, ज्या ‘मी’च्या निरसनासाठीं साधुसंतांनीं जन्म वेंचले, तो असा एका संध्याकाळच्या खेळांत सहज विरघळतो, त्या अर्थीं क्रीडांगण ही नीतीचीच शाळा होय, असा एकंदर माझ्या बोलण्याचा ओघ होता. मुलें टाळ्या वाजवीत होतीं. पहिल्या रांगेंत खो-खोच्या संघांतला एक मुलगा गुडघ्याला पट्टा बांधून, पाय पुढें ताठ पसरून बसला होता. त्याच्याकडे माझें लक्ष गेलें, आणि पुढचें वाक्य मला सुचेना. कसेंबसें आवरतें घेऊन मी खालीं बसलों. अध्यक्षांना वाटलें, घसा कोरडा पडला. त्यांनीं पाणी मागविलें.

तें वाक्य कां सुचेना, ह्याचा शोध घेतां घेतां जें हातीं आलें तें येथें मांडीत आहें. विषय खेळाचा असला तरी प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. मनुष्य स्वतःला विसरतो ही गोष्ट आपोआपच चांगली समजावी काय? आणि त्या विसरलेल्या अवस्थेंत त्याच्या हातून जें घडतें, त्याचा धनी कोण?

प्रथम ती अवस्था म्हणजे काय तें पाहूं. पाश्चात्त्य मानसशास्त्रांत तिला ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, असें नांव आहे. हें नांव रूढ केलें मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१) ह्या हंगेरियन कुळांतल्या पंडितानें. शिकागो विद्यापीठांत असतांना त्यानें बुद्धिबळपटु, गिर्यारोहक, नर्तक, शस्त्रवैद्य, बास्केटबॉल खेळणारीं मुलें अशा नाना प्रकारच्या लोकांची विचारपूस केली. ज्या गोष्टींत मोबदल्याहून निराळें असें कांहीं सुख आहे, ती करतांना त्यांना नेमकें काय वाटतें, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. उत्तर देणाऱ्यांपैकीं अनेकांनीं आपण एखाद्या प्रवाहाबरोबर वाहत होतों अशी उपमा दिली, आणि तीच त्यानें शास्त्रीय संज्ञा म्हणून उचलली. ह्या विषयावरचें त्याचें पहिलें पुस्तक १९७५ सालीं आलें. १९९० सालच्या ‘फ्लो’ ह्या पुस्तकानें ती कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोंचली.

ह्या अवस्थेच्या ज्या अटी त्यानें सांगितल्या त्या कोणाही खेळाडूला पटण्यासारख्या आहेत. काम अंगच्या कौशल्याला झेपणार नाहीं इतकें अवघड नसावें, आणि कौशल्याला झोंप येईल इतकें सोपेंही नसावें. ह्या क्षणीं काय करावयाचें तें स्पष्ट असावें, आणि केलेलें बरोबर कीं चूक तें तत्काळ कळावें. असें जुळून आलें म्हणजे लक्ष सगळेंच्या सगळें कामाकडे जातें. माणसाचें अवधान हें मोजक्या पाण्याच्या हंड्यासारखें आहे. एरवीं त्यांतला मोठा भाग आपण स्वतःकडे पाहण्यांत सांडतों. मी कसा दिसतों, लोक मला काय म्हणतील, काल माझें कोठें चुकलें, ह्या चौकशा अष्टौप्रहर चालू असतात. हंडा एकाच कामीं पुरता रिता झाला कीं ह्या चौकशांना थेंबही उरत नाहीं, आणि ‘मी’ दिसेनासा होतो.

येथें एक गोष्ट मीं भाषणांत साफ विसरलों होतों. ह्या सगळ्या वर्णनांत अहंकार जिंकला गेला असें कोठेंही नाहीं. त्याला बसावयाला जागा उरली नाहीं, इतकेंच. जागा रिकामी होतांच तो परत येतो. चिकसेंटमिहायनेंच नमूद करून ठेवलें आहे कीं प्रवाहांतून बाहेर पडल्यावर माणसाची स्वत्वाची जाणीव पूर्वीपेक्षां अधिक बळकट झालेली असते. म्हणजे पाहुणा म्हणून गेलेला अहंकार परततांना बरोबर सामान घेऊनच येतो! साधूंच्या निरहंकारितेशीं ह्या अवस्थेची सोयरीक जोडण्याची घाई मीं केली, ती किती कच्च्या पायावर होती हें ह्यावरून दिसेल.

असें असलें तरी सांघिक खेळांतल्या तन्मयतेंत एक विशेष आहे, आणि तो नाकारणें अन्यायाचें होईल. आपल्या भाषेनें तो फार पूर्वीं हेरला असावा. एकटा मनुष्य वाचनांत बुडतो, कामांत गढतो. चित्रकाराची तंद्री लागते. परंतु चार माणसें एकत्र आलीं कीं क्रियापदाचा कर्ता बदलतो. भजन रंगतें, बैठक रंगते, खेळ रंगतो. ‘आम्ही रंगून गेलों’ असें आपण म्हणतों खरें, पण तें मागाहून, आठवण सांगतांना. चालू क्षणीं रंगतो तो खेळ. माणसें त्याच्या रंगांत असतात.

ह्याची उत्कृष्ट साक्ष मला एका अमेरिकन खेळाडूच्या आत्मकथनांत मिळाली. बिल रसेल (१९३४–२०२२) हा बास्केटबॉलपटु. सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाच्या संघांत असतां त्यानें १९५५ व १९५६ अशीं लागोपाठ दोन वर्षें विद्यापीठांमधलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि पुढें बोस्टनच्या धंदेवाईक संघांत तेरा वर्षांत अकरा वेळां. हरण्याची त्याला इतकी धास्ती कीं मोठ्या सामन्यापूर्वीं त्याला ओकारी होत असे. अशा ह्या माणसानें ‘सेकंड विंड’ ह्या १९७९ सालीं निघालेल्या पुस्तकांत एक विलक्षण अनुभव सांगितला आहे. कधीं कधीं सामना एकाएकीं वेगळ्याच पातळीवर चढे. आरंभ तीन-चार गड्यांपासून होई आणि मग ती लागण सर्वांना होई. आपल्याच संघाला नव्हे, तर प्रतिपक्षाला, इतकेंच काय पंचांनाही. सगळें संथ गतीनें चाललें आहे असें वाटे; पुढचा चेंडू कोठें जाणार तें आधींच कळे. चुरस अगदीं शिगेला पोंचलेली असे आणि तरीही त्याच्या मनांत स्पर्धा नसे. प्रतिपक्षाच्या गड्यानें सुरेख चाल केली तर ह्याला मनांतून आनंद होई. आणि अखेरच्या शिट्टीपर्यंत तो रंग टिकला असे जे मोजके सामने झाले, त्यांत कोण जिंकलें ह्याची त्याला खरोखर पर्वा वाटली नाहीं.

ह्या साक्षीला मी फार मोल देतों. प्रतिस्पर्धी हा शत्रु नसून आपल्या सर्वोत्तम खेळाचा भागीदार आहे, हें आम्ही वर्गांत घसा फोडून सांगतों आणि मुलें वहींत उतरून घेतात. रसेलला तें कोणी सांगितलें नव्हतें. तें त्याच्या नजरेसमोर घडलें. ज्या तन्मयतेंत प्रतिपक्षही सामावतो, तिच्यांत नीतीचा कांहीं अंश आहे असें मीं म्हटलें तर मला कोणी दोष देणार नाहीं. परंतु अशी तन्मयता थोडी. बहुतेक वेळां तिचें कुंपण आपल्या संघाच्या भोंवतीं पडतें; आणि कित्येकदां, पुढें सांगणार आहें त्याप्रमाणें, आपल्या संघांतलीं माणसेंही त्या कुंपणाबाहेर राहतात.

दुसरें उदाहरण नौकाशर्यतींतलें आहे. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें आठ वल्ह्यांच्या नौकांची शर्यत अमेरिकेच्या वतीनें वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं जिंकली. (त्याच वेळीं आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविण्यासाठीं बर्लिनला गेलें होतें, ही आठवण वऱ्हाडांत अजून अभिमानानें सांगतात.) हीं मुलें सिॲटल शहराच्या आसपासचीं, कोणी लांकूडतोड्याचा, कोणी शेतकऱ्याचा मुलगा. मंदीच्या दिवसांत काबाडकष्ट करून तीं कॉलेजांत टिकलीं होतीं. डॅनियल जेम्स ब्राउन ह्यानें २०१३ सालीं त्यांची हकीकत सविस्तर लिहिल्यापासून ती सर्वतोमुखी झाली आहे.

ह्या खेळांत ज्याला ते लोक ‘स्विंग’ म्हणतात तो आपल्या विषयाचा गाभाच होय. आठही वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत शिरलीं आणि एकाच क्षणीं बाहेर आलीं, आठही पाठी एकदम वांकल्या आणि एकदम ताठ झाल्या, म्हणजे नाव हलकी होऊन जणूं पाण्यावर उचलली जाते. हें रोज साधत नाहीं. एकट्यानें अधिक जोर लावून तर मुळींच साधत नाहीं. उलट एकाचा जास्तीचा जोर सगळ्यांचा ताल मोडतो. येथें ज्याला आपलें बळ दाखवावयाचें आहे तोच संघाचा वैरी. बैठकीची रचनाही ध्यानांत घेण्यासारखी आहे. आठही वल्हेकरी नावेच्या गतीकडे पाठ करून बसतात. आपण कोठें चाललों आहों हें त्यांपैकीं एकालाही दिसत नाहीं. पुढें तोंड करून बसलेला एकच, तो म्हणजे सुकाणूं धरणारा. आणि तो वल्हें मारीत नाहीं. त्याच्या अगदीं समोर, गुडघ्याला गुडघा भिडवून, ताल धरून देणारा वल्हेकरी बसतो.

वॉशिंग्टनच्या नावेंत हा ताल धरणारा होता डॉन ह्यूम, आणि सुकाणूं होतें बॉब मॉककडे. १४ ऑगस्टला अंतिम शर्यत होती. ह्यूमला ताप होता, छाती भरली होती, वजन घटलें होतें. शिक्षक अल अल्ब्रिक्सन ह्यानें त्याच्या जागीं दुसरा मुलगा बसविण्याचें ठरविलें. तेव्हां बाकीचीं मुलें शिक्षकाकडे गेलीं आणि ह्यूमलाच नावेंत बसवा, त्याला पार नेण्याचें आम्ही पाहूं, असा त्यांनीं हट्ट धरला. अल्ब्रिक्सननें अखेर मान्य केलें. बर्लिनजवळच्या ग्रूनाऊ येथें त्यांच्या वांट्याला वाऱ्याच्या तोंडावरची बाहेरची मार्गिका आली. सुटण्याची खूण नीट ऐकूं न आल्यामुळें त्यांची सुरुवातही उशिरां झाली. दोन हजार मीटरांपैकीं अर्धें अंतर जाईपर्यंत तीं मुलें मागें होतीं. ह्यूमची मान कलूं लागली होती, मॉकच्या हांकांना तो उत्तर देईना. ताल धरण्याचें काम दुसऱ्याकडे सोंपवावें कीं काय ह्या विचारांत मॉक असतांनाच ह्यूमनें डोळे उघडले, वेग वाढला, आणि वॉशिंग्टनची नाव ६ मिनिटें २५.४ सेकंदांत पार झाली. इटली ०.६ सेकंदानें मागें, आणि जर्मनी त्याच्यामागें ०.४ सेकंदानें. एका सेकंदांत तीन राष्ट्रांचीं नशिबें निवडलीं गेलीं. हिटलर तेथें जातीनें हजर होता.

ही कथा वाचून माझ्या अंगावर कांटा येतो, आणि लगेच मनांत एक वांकडा प्रश्नही येतो. त्या मुलांनीं ह्यूमचा हट्ट धरला तो प्रेमानें, कीं त्याच्यावांचून तो ‘स्विंग’ लागणार नाहीं म्हणून? आजारी मित्राला मागें ठेवावयाचें नाहीं, ही एक भावना. आजारी मित्राशिवाय आपलें जमणार नाहीं, ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. त्या मुलांच्या मनांत त्या बहुधा वेगळ्या निघालेल्याच नव्हत्या, आणि शेवट गोड झाल्यामुळें कोणी त्या वेगळ्या काढल्या नाहींत. ह्यूम तेथेंच कोसळून जायबंदी झाला असता तर हीच कथा आपण निराळ्या स्वरांत सांगितली असती.

समूहाच्या तालाचा शरीरावर काय परिणाम होतो ह्याचा एक लहानसा प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकासंघांतील बारा जणांवर करण्यांत आला. त्याचा वृत्तान्त २०१० सालीं ‘बायॉलजी लेटर्स’ ह्या नियतकालिकांत छापला गेला. खोलींतल्या वल्हविण्याच्या यंत्रावर प्रत्येकाला पाऊण तास वल्हवावयास लावलें. एकदां एकट्यानें, एकदां इतरांबरोबर एका तालांत. त्यानंतर दंडावर रक्तदाब मोजावयाचा पट्टा आवळून वेदना कोठवर सोसवते तें पाहिलें. श्रम सारखेच होते; परंतु एका तालांत वल्हविल्यानंतर सोसण्याची मर्यादा स्पष्टपणें अधिक वाढलेली आढळली. शरीर स्वतःच अफूसारखें एक द्रव्य निर्माण करतें, त्याचा हा परिणाम असावा असें त्या शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. एका तालांत चाललें म्हणजे पाय दुखत नाहींत, हें पंढरीच्या वाटेनें दिंडीबरोबर गेलेल्या कोणालाही सांगावें लागत नाहीं. पण मला त्या प्रयोगानें अस्वस्थ केलें तें निराळ्या कारणानें. आपली वेदना कमी जाणवते, इतकेंच त्यांनीं मोजलें. शेजाऱ्याच्या वेदनेचें काय होतें, तें मोजण्याचें यंत्र कोणापाशीं नाहीं. तें मला अनुभवानें माहीत आहे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी कॉलेजच्या खो-खो संघाचा कर्णधार होतों. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं आमच्या एका गड्याचा गुडघा मुरगळला. खुंटाजवळ त्याच्यासारखा गडी टिपणारा आमच्यांत दुसरा नव्हता. रात्रीं वसतिगृहांत आम्हीं त्याच्या गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप घातला. सकाळीं तो चालूं लागला. किंचित् लंगडत होता. राखीव गडी होते, पण ते नवखे. मीं त्याला विचारलें, “बसशील का?” तो म्हणाला, “तूं म्हणशील तसें.” ह्या उत्तराचा अर्थ मला तेव्हां कळला नाहीं, किंवा असेंही असेल कीं कळला, आणि मीं तो ऐकून घेतला नाहीं. मीं त्याला पाटीवर बसविलें.

शेवटच्या पाळींत आम्हांला सहा गडी बाद करावयाचे होते. पहिला गडी लवकर मिळाला आणि मग तें सुरू झालें. ज्यांनीं हा खेळ खेळला आहे त्यांना तें सांगावयास नको. आठ पाठी, आळीपाळीनें दोन दिशांना तोंडें केलेल्या, आणि एक धांवता. कोणाला ‘खो’ द्यावयाचा तें पाहावें लागत नव्हतें. हात आपोआप त्या पाठीवर पडत होता. पळत्यानें हूल देण्यापूर्वींच ती हूल आम्हांला कळत होती. नऊ जणांचा मिळून एकच श्वास चालला होता. माझ्या आयुष्यांत मला पुष्कळ सुखें मिळालीं. पदव्या, लग्न, मुलें, पुस्तकें. पण त्या कांहीं मिनिटांची बरोबरी करील असें सुख मला पुन्हां मिळालें नाहीं. हें लिहितांना मला लाज वाटते, पण खोटें कशाला लिहूं?

त्या रंगांत एकदां माझ्या सोबत्याच्या तोंडून ‘खो’ऐवजीं दुसराच कांहीं आवाज निघाला. मीं तो ऐकला. ऐकला, आणि तो माझ्यापर्यंत पोंचला नाहीं. त्यानंतर मीं त्याला आणखी दोनदां ‘खो’ दिला, कारण तो बरोबर जागीं होता. तो मला सोबती म्हणून दिसतच नव्हता. हवी तेथें असलेली एक पाठ म्हणून दिसत होता. प्रत्येक वेळीं तो उठला आणि धांवला. आम्ही एका गुणानें जिंकलों. संघाचें छायाचित्र अजून माझ्या खोलींत आहे. त्यांत तो नाहीं. तें काढलें त्या वेळीं त्याला इस्पितळांत नेलें होतें. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. त्या काळीं त्याच्यावर जे उपचार झाले त्यानें पाय चालण्यापुरता सुधारला, धांवण्यापुरता नाहीं. त्याला पोलीसखात्यांत जावयाचें होतें. भरतीच्या वेळीं धांवण्याची परीक्षा असते.

त्या वयांत मीं मनाची समजूत कशी घातली तें सांगतों, कारण तीच समजूत मी परवांच्या भाषणांत दुसऱ्यांना देत होतों. गीतेच्या अठराव्या अध्यायांत निरहंकार पुरुषाला त्याचें कर्म बांधीत नाहीं असा सिद्धान्त आहे. मीं तो स्वतःला लावून घेतला. त्या क्षणीं ‘मी’ होतों कोठें? जो नव्हता त्याला दोष कसा लागेल? वीस वर्षांच्या मुलाला गीता अशा वेळीं फार लवकर आठवते.

ह्या समजुतीचा एक बांध ॲरिस्टॉटलनें कधींच फोडून ठेवला आहे. नशेंत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट दंड असावा ह्या नियमाचें समर्थन करतांना तो म्हणतो कीं नशा करणें न करणें त्या माणसाच्या हातीं होतें. माझ्या बाबतींत सकाळीं “बसशील का?” असें विचारणारा मी पुरता भानावर होतों, माझा ‘मी’ तेव्हां चांगला जागा होता आणि त्याला चषक हवा होता. दुसरा बांध गीतेंतच आहे, आणि तो माझ्या ध्यानांत यावयास वय जावें लागलें. गीता ज्या निरहंकार पुरुषाविषयीं बोलते त्याला सर्व भूतांचें सुखदुःख आपल्यासारखेंच वाटतें. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) कर्माच्या बाहेरच्या रूपापेक्षां कर्त्याच्या बुद्धीवर भर दिला आहे, परंतु ती बुद्धि कशी, तर सम झालेली, दुसऱ्याला स्वतःच्या ठिकाणीं पाहणारी. तेथें ‘मी’ नाहींसा होतो, कारण तो पसरून सर्वांना व्यापतो. माझा ‘मी’ नाहींसा झाला होता, कारण तो आकसून एका कामाएवढा झाला होता. आणि तो आकसला त्याबरोबर माझा सोबतीही आकसला, एका पाठीएवढा. चिकसेंटमिहाय ह्या बाबतींत आपल्या चहात्यांहून अधिक सावध होता. ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठविणाऱ्या आगगाड्यांचें वेळापत्रक जुळवितांना आइकमनलाही ह्याच प्रवाहाचें सुख मिळत असावें, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. खो-खोच्या मैदानावरून एकदम तेथें उडी मारणें अप्रमाण होईल, आणि तशी मी मारीत नाहीं. यंत्र एकच आहे, इतकेंच मला त्यावरून कळलें.

मग खेळांत रंगूं नये काय? असें मी म्हणणार नाहीं; म्हटलें तरी कोणी ऐकणार नाहीं, आणि ऐकूं नये. नावेंतल्या त्या नवव्या माणसाचा मात्र मी अलीकडे पुष्कळ विचार करतों. आठजण पाठमोरे आणि तल्लीन. एक सन्मुख आणि जागा. ह्यूमचा चेहरा पाहण्याचें काम मॉकचें होतें, आणि त्यानें तें केलें. दिंडींत पावलीला रंग चढतो तेव्हां चोपदार त्या रंगांत नसतो. त्याचें लक्ष रांगेवर असतें. आमच्या खो-खोंत कर्णधार स्वतःच धांवतो, तेथें अशी सोय नाहीं. म्हणून खेळापूर्वीं जें पाहावयाचें तें सगळें आधींच पाहून घ्यावें लागतें.

इतपत विचार झाल्यावर मी दिवाळीच्या सुटींत एस. टी.नें त्या सोबत्याच्या गांवीं गेलों. मधल्या काळांत आमची गांठ लग्नकार्यांतून दोन-तीनदां पडली होती, पण हा विषय कधीं निघाला नव्हता. त्याचें बी-बियाणांचें दुकान आहे, बरें चाललें आहे. चहा झाला. मीं बळ एकवटून तो आवाज ऐकल्याचें आणि त्यानंतरच्या दोन ‘खों’चें त्याला सांगितलें. तो हंसला.

“दुखल्याचें मला आठवत नाहीं रे,” तो म्हणाला. “खेळतांना मला तरी कुठें कळत होतें? तूं ‘खो’ दिला नसतास तर मीच रागावलों असतों. मजा आली होती.” मग पोतें नीट लावण्यासाठीं तो उठला, आणि पाठमोराच बोलला. “शिट्टी झाल्यावर मी खुंटाला टेकून बसलों होतों. तुम्ही सगळे कोणाला तरी उचलून नाचत होतां. कोणाला, तें मला दिसेना. वाटलें, मला शोधत असतील.”

उचलला होता तो मी. इतकीं वर्षें मी त्या दोन ‘खों’चा हिशेब मांडीत बसलों होतों, आणि त्याच्या वहींत ते ‘खो’ नव्हतेच. तेथें निराळीच बाकी होती. खेळ रंगला होता तोंवर आम्ही दोघेही नव्हतों, आणि त्या नसण्याबद्दल त्याची माझ्याशीं तक्रार नव्हती. शिट्टी वाजली, दोघेही आपापल्या ठिकाणीं परत आलों. परत आल्यावर त्याला मी आठवलों. मला कोण आठवलें? खांद्यावर बसलेल्याला सगळें मैदान दिसतें, दोन्ही खुंट दिसतात. मी प्रेक्षकांकडे पाहत होतों. रसेलच्या त्या साक्षींतलें जें मला विशेष वाटलें तेंही शिट्टीनंतरचेंच आहे, हें परतीच्या गाडींत माझ्या ध्यानांत आलें. खेळ चालूं असतां प्रतिपक्ष आपला वाटणें हें तन्मयतेचें देणें असेल. खेळ संपल्यावरही विजयाची पर्वा न वाटणें हें रसेलचें स्वतःचें होतें.

निघतांना त्यानें विचारलें, “तुमच्या पोरांचा खेळ अजून रंगतो का?” रंगतो, असें मीं सांगितलें. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मुलाविषयींही सांगितलें, आणि त्याला ह्या मोसमांत बसवावयाचें नाहीं असें त्याच्या कर्णधाराशीं बोलून आल्याचेंही. तो कर्णधार माझ्यावर नाराज आहे. मुलगाही आहे. जानेवारींत आमच्या मैदानावर सामने आहेत. त्यांना येण्याचें माझ्या सोबत्यानें कबूल केलें आहे. फक्त म्हणाला, “वर चढावें लागेल अशा जागीं नको. खालीं, खुंटाजवळ कुठें तरी खुर्ची ठेव.”